दोन भावांचा एक स्पीकर

स्टुडिओसाठी स्पीकर बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात त्यांना सगळे वहिनीच म्हणत, अगदी पोस्टमनसुद्धा. नवरा लाकडी खोकी करायचा, धाकटा दीर डिजिटल प्रोसेसर लावायचा आणि वहिनी तारांचं सोल्डरिंग करायच्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने तापलेलं सोल्डरिंग आयर्न फेकून मारलं होतं. मनगटावरच्या डागाबद्दल कुणी विचारलं, की वहिनी म्हणायच्या, कामात भाजतंच. पुढे एक दात गेला, तेव्हा दार लागलं म्हणाल्या. मनाने वाईट नाहीत हो, असंही वर सांगायच्या. धाकट्या भावाला मात्र त्याने कधी बोट लावलं नव्हतं. अंगाखांद्यावर वाढवलं होतं त्याला.

त्यांच्या स्पीकरमध्ये मोठ्याच्या पोटातच छोटा बसवलेला असे; जाड आणि बारीक आवाज एकाच जागेवरून यावेत म्हणून. या वेळच्या स्पीकरमध्ये छोटा जरा पुढे बसला होता, त्यामुळे बारीक आवाज आधी पोचायचा. दिराने दादाला न दुखवता प्रोसेसरमधून तो किंचित रोखून धरला. इकडे दादालाही आपली चूक कळली होती. त्याने सकाळी गुपचूप छोटा स्पीकर काढून मागे बसवला. दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक आलं. गाणं लागलं. दोन्ही दुरुस्त्या एकावर एक चढल्या होत्या, आता बारीक आवाज उशिरा पोचत होता. गायिका एकच आहे की जुळ्या बहिणी, असं हसत विचारून ते काही न घेताच निघून गेलं.

दार लागताच दादाने प्रोसेसरवर भावाने केलेला बदल पाहिला आणि त्याची पहिली थप्पड दिराच्या कानावर बसली. दुसरीही तिथेच. माझ्या लाकडाचा गळा तुझ्या गणिताने दाबलास, असं ओरडत त्याने भावाला टेबलाच्या कडेवर आपटलं. दीर खाली पडला. कानातून रक्त मानेवर आलं. दोन्ही कान गच्च दाबून तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. दादाने त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि मग तो जडशीळ स्पीकर, मागे लोंबणाऱ्या तारेसकट, डोक्यावर उचलला.

वहिनींना रोजचा राग ओळखता यायचा. हा तो नव्हता. आता भावजी मरणार.

मध्ये पडायला त्या धावल्या नाहीत. स्पीकरची तार अजून जोडलेलीच होती; त्यावर तपासणीची कर्कश शिट्टी लावून त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. किंचाळी नवऱ्याच्या कपाळापाशीच फुटली. त्याचे हात आपसूक कानांकडे गेले आणि खोकं थेट त्याच्या पावलावर आलं. हाड मोडल्याचा आवाज त्या किंचाळीत बुडाला.

वहिनींनी बटण बंद केलं. नवरा फरशीवर लोळत होता. तशातही त्याने त्यांच्यावर मूठ उगारली.

"अहो, हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. "बटण माझ्याकडे आहे."

मूठ खाली आली.

त्यांनी दिराला काखेत हात घालून उठवलं. त्याला उजवीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. मी दादाला सांगितलं असतं तर, वहिनी, मी आधी सांगितलं असतं तर, एवढंच तो पुटपुटत होता. मागून नवरा विव्हळत विचारत होता, माझं काय, मला कोण नेणार.

"आधी भावजींचा कान," वहिनी म्हणाल्या. "काय झालं ते डॉक्टरांना खरं सांगणार आहे. मग तुमच्या पायाचं बघू."

आणि त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं.