उपस्थित चौदा

आमच्या ह्यांना कुणी मत विचारलं की ते आधी चष्मा पुसायला घेतात. चष्मा पुसून होईपर्यंत विचारणारा कंटाळून दुसऱ्याकडे वळतो आणि ह्यांचं काम होतं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण ह्या माणसाने कुणाची बाजू घेतल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. माझीसुद्धा नाही.

दोष नोकरीचा आहे, अशी मी मनाची समजूत घालायची. हे नगरसभेत लघुलेखक होते. सभासद तावातावाने बोलायचे आणि हे मधल्या टेबलाशी बसून त्या बोलण्याच्या बारीक रेघोट्या ओढायचे. छत्तीस वर्षं हेच केलं. त्यांचे दोन नियम होते. एका वेळी दोघं बोलायला लागले की पेन्सिल खाली ठेवायची. आपलं बोलणं कागदावर येत नाही म्हटल्यावर भलेभले गप्प बसत. दुसरा नियम म्हणजे, शेवटी प्रत्येकाला त्याचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवायचे आणि विचारायचं, "बरोबर?"

साथ आली, दारं बंद झाली, आणि हे नियम माझ्या घरात राहायला आले. मुलगा कामासाठी परगावी गेला होता, तो तिकडेच अडकला. घरात आम्ही दोघं आणि सून. सुनेने जेवणाच्या टेबलाचं ऑफिस केलं, मी स्वयंपाकघरात ठाण मांडलं, आणि आमच्या दोघींचं भांडण भाजीवर आलं. मी भाजी साबणाच्या पाण्यात धुवायची. सून म्हणायची, "आई, साबण पोटात जाईल. मिठाचं पाणी पुरे."

"आणि मिठाने विषाणू मरत नसेल तर?"

"साबणाने आपण मरू."

मग आम्ही दोघी ह्यांच्याकडे बघायचो. हे चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "दोघींचंही म्हणणं नोंदवलं." माझं पित्त खवळायचं. अहो, घर आहे हे, सभागृह नाही.

संध्याकाळी टीव्हीवर चर्चा असायची. हाताची सवय मोडू नये म्हणून हे वही घेऊन बसायचे. सहा चौकटींतली सहा माणसं एकदम ओरडायला लागली की पाचव्या मिनिटाला पेन्सिल खाली. महिनाभरात त्या वहीत तीन ओळी जमल्या, आणि त्याही निवेदिकेच्या 'नमस्कार'च्या. पण खरं सांगते, मला ते दिवस आवडत होते. तिघं दुपारी एकत्र जेवत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांना भाजीत काय आवडत नाही ते मला कळत होतं, म्हणजे ताटात काय उरतं ते बघून.

तिसऱ्या मजल्यावर एक परिचारिका भाड्याने राहायची, एकटी. त्या दिवसांत तिची नेमणूक साथीच्या वॉर्डात होती. घरी येताना ती चपला फाटकाशी काढायची, जिन्याच्या कठड्याला हात न लावता वर यायची आणि आमच्या दाराशी चार पायऱ्या खाली थांबून विचारायची, "काकू, काकांच्या गोळ्या आहेत ना?" ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच आणायची. पिशवी पायरीवर ठेवून ती वर गेली की मग मी दार उघडायची. डोळ्यांखाली काळं झालेलं, पण विचारायला कधी चुकली नाही.

एका रविवारी सकाळी इमारतीच्या ऑनलाइन सभेची सूचना आली. विषय एकच. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना घर सोडायला सांगावं का? त्या घराचे मालक दुसरीकडे राहतात. "सभा ठरवेल ते," असं कळवून त्यांनी हात झटकले होते. सगळीकडे दारं बंद असताना त्या मुलीला कोण घर देणार होतं? मला सकाळपासून चहा गोड लागेना.

सभेचं लिहायचं काम तीस वर्षं ह्यांच्याकडेच आहे. सुनेने लॅपटॉप लावून दिला. मी मागे वाटाणे सोलत बसले. ह्यांनी कागदावर तारीख घातली, एकेक चेहरा बघून खुणा केल्या आणि वाचलं, "उपस्थित चौदा."

सुरुवातीला सगळे एकदम बोलू लागले. ह्यांनी पेन्सिल उचलून कॅमेऱ्याला दाखवली आणि खाली ठेवली. दोनदा असं झाल्यावर मंडळी रांगेत आली. अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, आपल्या इमारतीत म्हातारी माणसं आहेत, उगाच धोका कशाला. तिसऱ्याच मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा तर तोंडाचा पट्टा सुटला होता. मध्ये कुणीतरी चाचरत म्हणालं, पण ती काम चांगलं करते हो. माना मात्र डॉक्टरांच्या बाजूने हलत होत्या. मी बोटांवर मोजलं. दहा तरी तिला काढा म्हणणारे होते.

मतदानाआधी हे म्हणाले, "वाचून दाखवतो." आणि पंचांग वाचावं तशा कोरड्या आवाजात वाचायला लागले. "डॉक्टर. 'ती जिन्यातून गेली की मी दाराची कडी पुसून घेतो. ती आमच्या शेजारी राहते हे पेशंटना कळलं तर माझ्याकडे कोण येणार? तिने दवाखान्यातच झोपावं, तिथे खाटा आहेत.' बरोबर?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, असं शब्दशः नको. जरा सौम्य करा."

"मी शब्दशःच घेतो. बदल हवा असेल तर आपण बदल सांगा, तोही घेतो."

डॉक्टरांनी बदल सांगितला नाही. त्यांच्या मागे उभी असलेली त्यांची बायको चौकटीतून निघून गेली. हे पुढचं वाचत गेले, एकेकाचं, आवाज न चढवता. स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसं कशी खाली बघतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

हात वर झाले. काढावं, सात. राहू द्यावं, सात. अध्यक्षांचा हात काढण्याच्या बाजूला.

"समसमान," अध्यक्ष म्हणाले. "नियमाप्रमाणे आता अध्यक्षांचं निर्णायक मत..."

तेवढ्यात सून माझ्या कानाशी वाकली. "आई, चौकटी पंधरा आहेत."

मी वाटाण्याचं ताट खाली ठेवलं. घरटी एक मत, ज्याच्या नावावर घर त्याचं. आमचं घर ह्यांच्या नावावर. पंधरावी चौकट आमची होती. तीस वर्षं हा माणूस सगळ्यांची हजेरी घेत होता आणि स्वतःला मोजत नव्हता. सभागृहात लघुलेखक उपस्थितांत धरत नाहीत, ती सवय घेऊन हे घरी आले होते. आणि एका मताने काही अडलंच नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"हजेरी चुकली आहे," मी मोठ्याने म्हणाले. "उपस्थित पंधरा."

हे वळून माझ्याकडे बघायला लागले. "मी लिहायला बसलोय."

"तुम्ही इथे राहतासुद्धा."

त्यांचा हात चष्म्याकडे गेला. मी आधीच चष्मा उचलून पदराने पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. सुनेला हसू आवरेना. पण माझा जीव टांगणीला लागला होता, कारण हा माणूस आता 'दोघांचंही नोंदवलं' म्हणाला असता, तर मी खरंच माहेरी गेले असते, दारं बंद असोत की उघडी.

ह्यांनी कागदावरचं 'चौदा' खोडून 'पंधरा' केलं. मग पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाले, "माझं बोलणं मला लिहिता येत नाही. तू लिही."

वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर मी लिहून घेतलं. हे स्क्रीनकडे न बघता बोलले, "त्यांनी राहावं. तो जिना मीही वापरतो. माझ्या गोळ्या त्याच आणतात. भीती मलाही वाटते. पण त्यांना काढलं तर मला जास्त वाटेल."

मी वाचून दाखवलं. आवाज कोरडा ठेवायला गेले, जमलं नाही. शेवटी विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," हे म्हणाले.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली, तेव्हा दार ह्यांनी उघडलं. ती चार पायऱ्या खाली उभी होती. "आठ विरुद्ध सात," ह्यांनी सांगितलं. ती खालीच पायरीवर बसली. मग तिने विचारलं, "आठवं कोण, काका?"

"नोंद आहे," हे म्हणाले.

"हेच," मी मागून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाजी आली. मी साबण काढला, सुनेने मीठ काढलं आणि सवयीने आम्ही दोघींनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. चष्म्याला हातही लावला नाही.

"मीठ," हे म्हणाले. "साबणाची चव महिनाभर लागतेय."

एकेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते मत आलं, आणि माझ्या विरोधात आलं. मी साबण कपाटात ठेवून दिला.