गिअरबॉक्समधला भुसा

कापसापायी आमचा जिल्हा रोज पेपरात यायचा, त्या वर्षांत मी सरकारी जीप चालवायचो. शेतकरी जीव का देतात, याच्या पाहणीला समिती येणार होती. साहेबांना लाज वाटत होती ती जीपच्या घरघरीची. "आवाज बंद करून घे," त्यांनी फर्मावलं. यवतमाळच्या एका गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सच्या तेलात लाकडाचा भुसा कालवला आणि जीप गप्प झाली. समिती येऊन गेली, आणि आठवड्यात जीप घाटंजीजवळ आधीपेक्षा जोरात कोकलू लागली.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला काहीच विचारलं नाही. इंजिन सुरू ठेवून त्यानं पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मला क्लच दाबायला लावला. आवाज थांबला. सोडला, की पुन्हा सुरू.

"समोरचं बेअरिंग गेलं."

मग तेल काढून त्यानं बोटांवर चोळलं आणि भुशानं बरबटलेला हात माझ्या नाकासमोर धरला.

"काहून टाकला हा?"

"आवाज येत होता."

"गाडी सांगून राह्यली होती, तुमी तिचं तोंड बुजवलं. आता गिअरचे दातही झिजले."

काम संपल्यावर मी विचारलं, "आता आवाज नाही ना येणार?"

"बिघडली तं येईन. आलाच पाह्यजे."

त्याच्या उद्धटपणाचा मला संताप आला. तो संताप परतीच्या वाटेवर माझ्यावरच उलटला. समिती यायच्या आदल्या दिवशी, साहेबांच्या हुकमावरून, मी याच जीपनं गावोगाव सांगून आलो होतो की उद्या पाहुण्यांसमोर कोणी आवाज चढवायचा नाही.

कोणीच चढवला नव्हता.