लोटूची वाटणी

देवराम बापूंचा आवाज असा होता, की ते जैनाबादच्या मळ्यात नुसते खाकरले तरी तापीच्या पलीकडे राजघाटावर अंघोळ करणारी माणसं 'जी मालक' म्हणून ओलेत्यानं उभी राहत. मिशा अशा, की एका टोकावर बसलेल्या माशीला दुसऱ्या टोकाला जायचं तर वाटेत मुक्काम करावा लागे. अशा माणसाची आणि लोटूची पहिली भेट केळीच्या घडाखाली झाली. लोटू तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, कापसाच्या काडीएवढा. बापानं त्याला मळ्याच्या बांधावर बसवलं आणि 'आलोच' म्हणून तो गेला. ते 'आलोच' अजून पुरं व्हायचं आहे. भूक लागली म्हणून पोरानं एक केळं खाल्लं. मग फणी खाल्ली, मग घड. गावात तर सांगतात, त्यानं अख्खी ओळ सालींसकट संपवली आणि दुसऱ्या ओळीकडे नजर वळवली तेवढ्यात बापू आले.

"भूक लागली का रे?" बापू गरजले. त्या आवाजानं म्हणे चार घड जागच्या जागी पिकले.

तोंडात केळं असलेल्या लोटूनं मान हलवली. नाही.

बापूंनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लोटू म्हणाला, "थोडी."

बापू इतके हसले की पंपघराचा पत्रा निघाला. त्यांनी पोराला मानगुटीला धरून घरी नेलं, भाकरी घातली आणि ठेवून घेतलं. किती दिवसांसाठी, ते ठरलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नाही, ही लोटूची जन्माची रीत. मागताक्षणी घेतो तो हावरा, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. इस्टेट म्हणून बापाकडून त्याला एवढंच मिळालं. बापूंना ही रीत पाठ होती. 'जेवला का?' तीनदा विचारायचे, 'अंगात ताप आहे का?' तीनदा विचारायचे, आणि तिसऱ्या वेळी जे उत्तर येईल ते खरं धरायचे. माणूस म्हणून बापूंच्या जमेला जे थोडं होतं, त्यात हे एक.

लोटू मोठा होऊन सालदार झाला. म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, साल सुरू व्हायचं आणि पुढच्या आखाजीला संपायचं. सकाळी जुनं साल सुटलं की मालकानं नारळ आणि नवा गमछा हातात ठेवेपर्यंत सालदार मोकळा. हवं तर दुसऱ्या मालकाकडे जावं, हवं तर काशीला. लोटू ही मोकळी वेळ गोठ्यात शेण काढून घालवायचा. मग बापू नारळ द्यायचे आणि जीव भांड्यात पडायचा. पगाराचं बोलणं कधी निघालं नाही. लोट्या घरातला माणूस आहे, असं बापू सगळ्यांना सांगत, आणि घरातल्या माणसाला पगार देणं त्यांना फार परकेपणाचं वाटे. वेठबिगारी कायद्यानं बंद झाली, हे ते पेपरात वाचून लोटूलाच समजावून सांगत, आणि दोघंही त्या जुन्या काळातल्या लोकांबद्दल हळहळत.

गोदाबाईही बापूंनीच आणली. ते खकनारच्या बाजाराला बैल बघायला गेले होते. बैल पसंत पडला नाही, आणि बैलवाल्याची पुतणी लग्नाची होती. गोदाबाई आली आणि मळ्यातल्या पंपघरामागच्या खोलीत दोघांचा संसार सुरू झाला. दिवसा ती बापूंच्या घरात राबायची. जीभ अशी, की मिरची तिच्याकडे तिखटपणा उसना मागायला येई. लोटू बोलत नसे, ती थांबत नसे. सरासरी काढली तर घर अगदी शांत होतं. मूल झालं नाही. संध्याकाळी ती पाठीला पाठ लावून त्याच्याशी भांडायची आणि तो तंबाखू मळत ऐकायचा. दोघांकडे स्वतःची म्हणावी अशी तेवढीच गोष्ट होती.

मग बापू वारले आणि वर्षश्राद्ध होताच वाटणी निघाली. दोन मुलगे. थोरला वामन जैनाबादलाच, केळीत बुडालेला. धाकटा योगेंद्र बुऱ्हाणपुरात कॉलेजात शिकवायचा आणि पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्यावर असं बोलायचा की समोरच्या मुलांना सुटका हवीशी वाटे. आखाजीचा दिवस ठरला. पंच म्हणून नात्यातले दगाकाका आले. रीत जुनीच: थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळे थोरला वाटे करताना सोन्याच्या काट्यासारखा वागतो.

वामननं दोन वाटे केले. एकीकडे जैनाबादचा केळीचा मळा आणि राहतं घर. दुसरीकडे डोईफोडियाची जंगलालगतची मोठी जमीन, ट्रॅक्टर आणि बैलजोडी. बैलजोडी फोडायची नाही यावर दोघांचं लगेच एकमत झालं. जोडी फुटली की जनावर खात नाही, असं दगाकाका म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वामन म्हणाला, त्याच्या बायकोच्या, शोभाच्या, गुडघ्यांना आता चूल झेपत नाही, गोदाबाई घराबरोबर राहील. आणि डोईफोडियाला रानडुकरं फार, तिथं भरवशाचा माणूस पाहिजे. लोट्या त्या वाट्यात.

सकाळीच गोदाबाईनं लोटूला दाराशी अडवून बजावलं होतं. "जमीन कोणी बी घेवो. तुम्ही फक्त एवढं बोला की आम्ही दोघं एका ठिकाणी राहतो. मांडे करता करता मले बाहेर येता नाही येणार." लोटूनं मान डोलावली होती. आतापर्यंतच्या आयुष्यात त्यानं मागायचं म्हणून ठरवलेली ही पहिलीच गोष्ट.

आणि विचारलं गेलं. योगेंद्र सुशिक्षित माणूस. तो म्हणाला, "देखो लोटूभाऊ, जबरदस्ती काही नाही. आज तुम्ही मोकळे आहात. तुमची मर्जी सांगा. डोईफोडियाला चालेल ना?"

लोटूच्या ओठांवर ते वाक्य तयार होतं. पण पहिल्या विचारण्याला ते बोलायचं कसं? इतकी मोठी गोष्ट, पंचांसमोर, हावऱ्यासारखी? त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "माझं काय मालक. तुम्ही ठेवाल तिथं."

आणि तो दुसऱ्या विचारण्याची वाट बघू लागला.

योगेंद्रचा चेहरा खुलला. माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आता प्रश्न मिटला. त्यानं डोईफोडियाचा वाटा उचलला, दगाकाकांनी कुंकू लावलं, आणि लोटूच्या हातात नारळ आणि गमछा आला. हात पुढे कसा झाला ते लोटूलाही कळलं नाही. इतक्या आखाज्यांची सवय होती. नारळ हातात आल्यावरही तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. न जाणो, कोणी विचारेल.

आतून गोदाबाई आली, कोपरापर्यंत पीठ. आल्या आल्या तिनं लोटूचा हात बघितला.

"विचारलं नाही का त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

"एकदाच विचारलं," लोटू म्हणाला.

गोदाबाईनं मग पंचांसमोर जे सांगायचं ते सांगितलं, आणि चांगल्या शब्दांत सांगितलं. वामनला वाईट वाटलं. योगेंद्रला तर फारच वाटलं. अरे, आधी बोलायचं ना, असं तो दोनदा म्हणाला. दगाकाकांनी पिंक टाकून निकाल दिला, की उचललेला वाटा खाली ठेवता येत नाही आणि घेतलेला नारळ परत करता येत नाही. आता वर्षाचाच तर प्रश्न आहे, पुढच्या आखाजीला बघू. नारळ घेऊन साल मोडणाऱ्याला दुसरा कोणी दारात उभं करत नाही, हे लोटूही जाणून होता. कोणताही वकील सोडवू शकला नसता असा पक्का करार त्या नारळात होता, आणि तो पाळणारा ओसरीवर एकटा लोटूच होता. गोदाबाई आत गेली. मांडे त्या दिवशी फार उत्तम झाले होते, सगळ्यांनी तारीफ केली.

डोईफोडियाला लोटूला पत्र्याची खोली मिळाली. योगेंद्रनं साधा मोबाईलही दिला. रेंज फक्त डुकरं हाकायच्या माचाणावर यायची. तिकडे गोदाबाई शोभाच्या फोनवरून बोलायची, पण शोभा शेजारी बसलेली, तेव्हा भांडता येत नसे. 'जेवले का?' 'जेवलो.' 'बरं.' गोदाबाईचं असं सभ्य बोलणं ऐकून लोटूला धडकी भरायची. पोळ्याला तो बसनं खकनारवरून एकदा जैनाबादला आला, तर वामनच्या घरी पाहुणे होते. गोदाबाई चुलीपुढून उठलीच नाही आणि लोटूला पाहुण्यांच्या गाड्यांवर पाणी मारायला लावलं. शेवटची बस पकडून तो परतला, डुकरं वाट बघत होती.

पण पुढच्या आखाजीची त्यानं तयारी केली. माचाणावर बसून तो ते वाक्य मोठ्यानं म्हणायचा. बैलांना म्हणून दाखवायचा, बुजगावण्याला म्हणून दाखवायचा. पहिल्या विचारण्यालाच बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पाऊण वर्षात बैलांना ते तोंडपाठ झालं असावं.

आखाजीला योगेंद्र गाडीतून आला. बायको तृप्ती गाडीतच बसली होती, ऊन फार होतं. योगेंद्रनं शेत बघितलं, खूश झाला आणि अगदी मनापासून म्हणाला, "काय लोटूभाऊ, कसं काय? काही अडचण तर नाही ना?"

लोटूनं तोंड उघडलं. सगळं वाक्य जिभेवर होतं. समोर मालक, गाडीत मालकीण, आणि विचारलेलं पहिल्यांदाच.

"अडचण कसली मालक," तो म्हणाला. "तुमच्या कृपेनं बरं आहे."

योगेंद्रनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीतून नारळ काढला.

गोदाबाई त्या नव्या सालाच्या माघात वारली, जैनाबादला. फोन केला होता, पण लोटू माचाणावर नव्हता. दोघा भावांनी ती वाटणी पटवाऱ्याकडे कधी नोंदवलीच नाही. जमीन अजून देवराम बापूंच्या नावावर आहे, आणि लोटू डोईफोडियाला.