बँडात लिवतात काय?

बँडवाल्यांच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. पितळ पुसायच्या चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान कामाला येतात!

आमचे हे करावे गावच्या ब्रास बँडसाठी गाणी लिहितात. लग्न ठरताना जासईला, माझ्या माहेरी, काकांनी विचारलं, "पोरगा वाजवतो काय?"

"नाही, लिहितो."

"बँडात लिवतात काय?" काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, मोडलं लग्न! मग कळलं, चहा संपला होता.

*

आमच्याकडे हळदीच्या गाण्यात घरच्या माणसांची नावं गुंफतात. एका शेठच्या मुलीसाठी यांनी खाडीवरच्या चांदण्याचं गाणं लिहिलं. शेठ खूश! "मस्त. आता यात सगळे काके टाका."

काके टाकले. मग रुसलेली आत्या. मग बिल्डर, कारण जनरेटर त्याचा.

चांदण्याला जागाच उरली नाही.

*

लग्नानंतर पहिल्यांदाच वरातीत यांचं गाणं ऐकायला गेले. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, ढोल. गायकाचं फक्त तोंड हलताना दिसलं.

मोरेश्वर मास्तरांचा बँड. त्यांना म्हटलं, "मास्तर, शब्द ऐकूच येत नाहीत."

"टेन्शन नको, वहिनी! ऐकू आले तर लोक नाचायचे थांबतील."

हे शेजारीच होते. हसले. घरी आल्यावर मात्र तेच गाणं मला दोनदा म्हणून दाखवलं.

*

मग कॅसेट निघाली. त्यात शब्द न् शब्द स्वच्छ! कव्हरवर गायक, मास्तर, ढोलवाला, टेम्पोवाला फोटोसकट. यांचं नाव कुठेच नाही.

"जागा संपली रे, कवी," मास्तर म्हणाले.

"आणि टेम्पोवाला?" मी विचारलं.

"वहिनी, टेम्पो नसला तर बँड पोचेल कसा?"



*

शेवटी यांनी लिहिणं सोडायचं ठरवलं. कंटेनर यार्डात कारकुनाची जागा होती. म्हणाले, "तुझ्या चुलतबहिणीची हळद होऊ दे. तिथे एकानं जरी विचारलं, गाणं कोणाचं, तर लिहीत राहीन. नाहीतर यार्ड."

जासईच्या मांडवात बँड कडाडला. कोणी काही विचारलं नाही. बँडवाले जेवायला बसले तेव्हा कुठे मांडव शांत झाला.

आणि नवरीला हळद लावता लावता माझ्या बायमावशीनं गाणं धरलं. यांचं! कॅसेटमधलं! माझ्यासमोर लिहिलेलं! बाकीच्या बायकांनी ते उचललं. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. यांचे डोळे भरले. न राहवून हेही गायला लागले.

मावशीनं हळदीचा हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "जावय, शब्द चुकला तुमचा!"

मला राहवेना. "मावशी, हे गाणं कोणाचं गं?"

"कोनाचं म्हंजे? आमच्या आजीचं हाय! लहानपनापासून गातोय आमी. जावय, येत नाय तं गप ऐका."

मी यांच्याकडे बघितलं.

"चुकलं, मावशी," हे म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून म्हणा."