पोपटरावांनी नापास केलेलं पान

“फुली मारलीच कशी तुम्ही?”

“पेन्सिलीनं.”

“काका, कशानं ते नाही विचारलं. ग्रंथालयाच्या पुस्तकाला पास-नापास करणारे आपण कोण?”

“तपासनीस,” पोपटराव शांतपणे म्हणाले. “एकतीस वर्षं.”

सदाशिव पेठेतल्या त्या ग्रंथालयात ग्रंथपाल सुरुची नवी होती, सभासद पोपटराव अकरा वर्षं जुने. खडकीजवळच्या एका कारखान्यात ते सुटे भाग तपासायचे. बरोबर असला तर टिक, नसला तर फुली, खाली ‘पो.’ निवृत्तीनंतरही हात थांबेना. राजकारण, जात, माणसाचं मन, असल्या विषयांची जाडजूड पुस्तकं ते बसनं घरी न्यायचे आणि पानागणिक तपासायचे. द्वारकाबाई गेल्यापासून घरात भांडायला ही पुस्तकंच काय ती उरली होती.

“काल एका सभासदांनी पुस्तक परत केलं,” सुरुची म्हणाली. “म्हणे, अर्धी पानं नापास आहेत, वाचू कशाला?”

“समजूतदार दिसतात.”

“समितीनं कळवलंय. सगळं खोडा. यापुढे एक जरी नवी खूण दिसली तरी कार्ड रद्द.” तिनं पुस्तकांच्या थप्पीवर खोडरबर ठेवलं.

पोपटराव खिडकीशी बसून खोडू लागले. दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं. रबराचा चुरा त्यात चमकू लागला, लेथखाली पितळेचा कीस चमकायचा तसा. पंख्याची घरघर हळूहळू कारखान्याच्या शेडमधली झाली. समोरच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलं. कानावर पेन्सिल, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. कारखान्यातला तपासनीस जयसिंग.

हातातल्या पानावर लिहिलं होतं, अन्याय सोसलेला माणूसही खुर्ची मिळाली की दुसऱ्याच्या अन्यायापुढे गप्प बसतो. शेजारी फुली. इतकी दाबून मारलेली की कागद फाटला होता.

खराब लॉटचं खापर जयसिंगवर फुटलं, तेव्हा पोपटराव नुकतेच तपासणीचे सुपरवायझर झाले होते. त्यांच्या घराण्यातले पहिलेच. लॉटवरची खूण जयसिंगची नाही, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं होतं; साहेबांना सांगितलं मात्र नाही. जयसिंगनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, डबा उचलला आणि कायमचा घरी गेला.

आताही तो तसाच पाहत होता. रागानं नाही. नुसती वाट बघत.

पोपटरावांनी फुली हलक्या हातानं खोडली. पेन्सिल काढली. टिक केली. खाली लिहिलं, ‘पो.’

“काका,” सुरुची मागेच उभी होती. “आत्ताच सांगितलं ना मी? खोडा पाहू ते. मी काही पाहिलंच नाही, असं समजते.”

बाक रिकामा होता. त्यावर नुसतं ऊन.

पोपटरावांनी शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं, त्याच पानात ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

“अहो, एका खुणेपायी कार्ड देताय?”

पोपटराव चपला सरकवून जिना उतरूही लागले होते.