फ्लॉपीवरची टिकली

साताऱ्याचा तो लेझर प्रिंटरवाला आजही भेटला की विचारतो, “काय शेठ, टिकली शाबूत आहे का?” आणि हसतो. मी हसत नाही. जे झालं ते त्याच्यामुळे झालं, आणि त्याने ते एकदाही कबूल केलेलं नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. सांगलीत माझं टाइपसेटिंगचं दुकान होतं. त्याआधी मी दुसऱ्याच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होतो. ते सोडून संगणक घेतला, तेव्हा जुन्या मालकाने चारचौघांत त्याला डबडं म्हटलं होतं. टाइप करायला बायको बसायची. मराठी टायपिंगची परीक्षा ती लग्नाआधीच पास झालेली, संगणकाचा वर्गही तिनेच केला. मी फक्त फीसाठी घासाघीस केली.

लेझर प्रिंटर घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा आमच्यासारख्यांची रीत अशी की मजकूर आपल्या दुकानात टाइप करायचा, फ्लॉपीवर घ्यायचा आणि ज्याच्याकडे लेझर असेल त्याच्याकडे जाऊन पानं काढून आणायची. सांगलीतले लेझरवाले भावात हलेनात. साताऱ्यातला एक हलला. सातारा बायकोचं माहेर, त्यामुळे जेवणाची आणि मुक्कामाची सोय आपोआप झाली. सौदा करताना मी असल्या गोष्टी सोडत नाही.

फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, वाकवली तर वाकणारी वस्तू. तिच्या एका कडेला छोटी खाच असायची. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की फ्लॉपी वाचता यायची, पण तिच्यावर काही लिहिता यायचं नाही. व्हायरसपासून वाचायचं तर ही पट्टी लावत जा, असं वर्गातल्या सरांनी बायकोला बजावलं होतं. फ्लॉपीच्या खोक्यात रुपेरी पट्ट्या यायच्या, त्या संपल्या. मी नव्या आणल्या नाहीत. एका संध्याकाळी बघतो तर खाचेवर दुमडून चिकटवलेली मोठी मखमली टिकली.

“अगं, गिऱ्हाईक बघेल तर काय म्हणेल?”

“म्हणेल, फ्लॉपी सौभाग्यवती आहे.”

रोज काम संपलं की ती दोन फ्लॉप्या भरायची. एक साताऱ्याला जाणारी, दुसरी घरात पत्र्याच्या डब्यात राहणारी. भरून झाल्या की दोन्हींना नवी टिकली.

त्या वर्षी आमच्याकडे एका निवृत्त सुभेदारांचं पुस्तक आलं. कुंडलच्या पुढचं त्यांचं खेडं. गावातून फौजेत गेलेल्या प्रत्येक माणसाची हकिकत त्यांनी घरोघर जाऊन लिहून आणली होती. ती टाइप झाली, आणि मग खरं काम सुरू झालं. सुभेदार आमच्या साध्या, ठिपक्यांच्या प्रिंटरवर काढलेला कच्चा मजकूर त्या त्या घरी वाचून दाखवत, घरचे काय म्हणाले ते डोक्यात ठेवत, आणि एसटीने येऊन बायकोच्या खुर्चीशेजारी बसून सांगत. कागदावर काही नाही. सगळं तोंडी.

“ताई, त्ये ‘बेपत्ता’ काढा.”

“पण सरकारी पत्रात तसंच आहे ना?”

“पत्रात आसंल. त्याची आई जित्ती हाय अजून. मी वाचलं तवा म्हातारी म्हनली, बेपत्ता म्हंजी पत्ता चुकला व्हय रं त्याचा? त्यो काय पत्ता चुकनारा न्हाई. तितं ‘अजून परत आले नाहीत’ आसं लिवा.”

बायकोने तसं लिहिलं. अशा किती दुरुस्त्या झाल्या असतील, मोजल्या नाहीत. काही सांगणारी म्हातारी माणसं तर पुस्तक होईपर्यंत राहिलीही नाहीत. त्यांचे शब्द आता फक्त आमच्या संगणकात आणि त्या दोन फ्लॉप्यांवर होते.

पहिली काही पानं नमुन्याला काढायची म्हणून मी साताऱ्याला गेलो. लेझरवाल्याशी पुन्हा भावावरून जुंपली. तो म्हणाला, “भाव आता उतरणार नाही शेठ. पाहिजे तर एक गेम देतो फुकट. गाड्यांची शर्यत.” मी म्हटलं, दे. त्याने माझी फ्लॉपी हातात घेतली आणि खो खो हसत सुटला.

“हे काय, हळदीकुंकू?”

“त्याशिवाय लिहिणं थांबत नाही.”

“मग गेम कसा टाकू?” असं म्हणत त्याने नखाने टिकली उचकटली, टेबलाच्या कडेला चिकटवली आणि गेम भरून दिला. त्याच्या मशीनमध्ये दिवसभर साताऱ्यातल्या निम्म्या दुकानांच्या फ्लॉप्या जात-येत होत्या. कुणाची तपासायची रीत नव्हती. गेम मी मागितला, हे खरं. रोग मागितला नव्हता.

सांगलीला येऊन मी दुकानातल्या मशीनवर गेम लावला. छान होता. पुस्तकात त्या दिवसांत नवं काही भरायचं नव्हतं, म्हणून डब्यातली फ्लॉपी बाहेर आलीच नाही. दोन-चार दिवसांत संगणक रेंगाळायला लागला आणि एका सकाळी पुस्तकाची फाइल उघडली तर पडद्यावर नुसती चिन्हं. चौकोन, रेघा, उलटीसुलटी अक्षरं. दुसरी फाइल तशीच. तिसरी तर जागेवरच नाही. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. सुभेदार आले होते.

“काय मालक, तोंड का उतरलंय?”

बायकोने लपवलं नाही. म्हणाली, “सुभेदार, मशीनला व्हायरस लागलाय. पुस्तक गेल्यासारखं दिसतंय. घरी एक प्रत आहे, ती बघतो.”

ते बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. “म्हंजी म्हातारीचं बी गेलं?” एवढंच विचारलं.

डब्यातली फ्लॉपी आणून मी मशीनमध्ये घातली आणि आतल्या फायलींची नावं दाखवायची आज्ञा दिली. मशीन घरघरलं आणि इंग्रजीत उत्तर आलं, या फ्लॉपीवर लिहिता येत नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं.

“ही तुझी टिकली! शंभरदा सांगितलं, असले बायकी उद्योग नकोत म्हणून!” फ्लॉपी बाहेर ओढून मी नख टिकलीखाली घातलं. बायकोने माझं मनगट धरलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने मला एवढ्या जोरात धरलं असेल.

“थांबा. मशीनला तुम्ही काय सांगितलंत?”

“नावं दाखव म्हटलं.”

“म्हणजे वाच म्हटलंत. लिही कुणीच म्हटलं नाही. मग लिहायला कोण बघतंय?”

सुभेदार सावकाश म्हणाले, “दुश्मन आत हाय, आन् ही टिकली फाटकावर हुबी हाय. बंद करा मालक त्ये.”

मी बटणच दाबलं. फ्लॉपी पुन्हा डब्यात गेली.

वर्गातले सर दुपारी आले. स्वतःची फ्लॉपी आणली होती, खाचेवर रुपेरी पट्टी लावलेली. तिच्यावरून मशीन सुरू करून त्यांनी तपासणी केली. गेममध्ये व्हायरस, आणि गेममधून आमच्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये. त्यांनी हार्ड डिस्क कोरी केली, प्रोग्रॅमच्या मूळ फ्लॉप्यांवरून सगळं नव्याने भरलं. सुभेदारांची गाडी निघून गेली, तरी ते बाकावरून हलले नाहीत. शेवटी बायकोने डबा उघडला. फ्लॉपी आत गेली. नावं आली. सगळी. एकही तक्रार न करता.

“म्हातारीचं वाचा की ताई.”

तिने पान काढलं आणि वाचलं, “...अजून परत आले नाहीत.”

सुभेदारांनी टोपी डोक्यावर घातली. “लय भ्या वाटलं हुतं,” म्हणाले. मग फ्लॉपीकडे बघत, “पर ताई, येवढा बारका पहाऱ्याचा संत्री?” त्यावर आम्ही तिघं इतके हसलो की सर बुचकळ्यात पडले. मी चहा मागवला आणि घासाघीस न करता सरांच्या हातावर त्यांचं मागणं ठेवलं. छातीवरचा दगड उतरल्यावर माणूस किती हलका होतो, ते त्या दिवशी कळलं. टिकलीबद्दल मी पुन्हा कधी बोललो नाही. बाहेरची फ्लॉपी सरांकडून तपासून आणल्याशिवाय दुकानात घ्यायचीही बंद केली.

पूर्ण पुस्तक काढायला मी साताऱ्यालाच गेलो. नमुन्याच्या वेळीच इसार दिलेला होता, तो त्याच्या घशात का घालायचा? दारातच त्याला सुनावलं. तो म्हणतो, “माझ्या मशीनला काही नाही. तुमच्याकडंच आला असेल कुठून तरी.” आणि बोलता बोलता त्याचं नख टिकलीकडे गेलं. आता मनगट धरायची पाळी माझी होती.

“नुसतं वाच. लिहायचं काही नाही.”

पानं निघेपर्यंत मी मशीनपाशी उभा राहिलो. त्याचा पोरखेळ नको, गेम नको, गप्पा नकोत. म्हातारीच्या मुलाचं पान बाहेर आलं तेव्हा कागद अजून ऊन होता. मी ती ओळ शोधली. होती. फ्लॉपी खिशात घातली आणि त्याच्या टेबलाच्या कडेला अजून चिकटलेली आमची जुनी टिकलीही उचकटून घेतली.