टेक्स्ट मोडमध्ये गेलेला आवाज

रविवारी दुपारी दोन वाजता नागपुरात जागं राहणं कुणाच्या हातात नसतं. वैशाखाचं ऊन खिडकीवर धडका देतं आहे, कूलर घरघरतो आहे, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला आहे. वैजयंती धांडे दिवाणावर आडवी होते ती फक्त पाठ टेकायला, असं ती स्वतःला बजावते. लॅपटॉप शेजारी उघडाच ठेवते, कारण एक फॉर्म उद्या सकाळी अकराच्या आत पाठवायचा आहे.

फॉर्म साधा आहे. ती एकोणतीस वर्षं ज्या संशोधन संस्थेत नोकरी करते, तिथल्या संगणक केंद्रातला जुना एफटीपी सर्व्हर उद्या कायमचा बंद होणार आहे. एफटीपी म्हणजे एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावर नेण्याची जुनी रीत, एकेकाळी जगभर चालणारी. आता ब्राउझरांनीही तिला दारं लावून घेतली. ‘या सर्व्हरवर जतन करण्यासारखे काहीही नाही’ या वाक्यापुढे केंद्रप्रमुख म्हणून वैजयंतीने खूण करायची आहे. बाकी सगळं भरून झालं आहे. ती एक खूण चार दिवस राहिली आहे.

राहिली आहे ती ठवरे सरांमुळे. दिवाकर ठवरे तिचे पहिले साहेब. एम.एस्सी.चा टेंभा मिरवत आलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं. गेल्या कार्तिकात ते वारले. या सर्व्हरवरच्या त्यांच्या फोल्डरमध्ये एक फाइल आहे, ती उघडत नाही, आणि ती मोडली आहे वैजयंतीने.

शहाण्णव सालची गोष्ट. सरांचे वडील हरबाजी ठवरे ब्रह्मपुरीकडचे, दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, गाणारे. हिवाळ्यात धानाची कापणी आटोपली की गावोगावहून त्यांना बोलावणं यायचं. ते वारले त्याच्या आदल्या वर्षी सरांनी त्यांचा आवाज कॅसेटवर घेतला होता. ती कॅसेट केंद्रातल्या युनिक्स यंत्रावर उतरवली आणि उतरवता उतरवता डेकने फीतच चावून टाकली. उरली ती एक फाइल, आवळून लहान केलेली. सर म्हणाले, वैजयंती, ही माझ्या पीसीवर घेऊन ठेव, इथं जागा नाही. तिने घेतली. पडद्यावर आलं, ‘२२६ ट्रान्स्फर कम्प्लीट’. केंद्राचा नियम असा की २२६ दिसलं की मूळ फाइल पुसायची. तिने पुसली. आधी ‘बायनरी’ असा एक शब्द टाइप करायचा असतो, तो ती विसरली होती. तो टाइप केला नाही तर एफटीपी धरून चालते की जातो आहे तो साधा मजकूर, टेक्स्ट, आणि वाटेत ओळींची टोकं आपल्या मनाने दुरुस्त करते. मजकुराचं त्याने भलं होतं. आवाजाची माती होते.

सरांनी फाइल उघडायला घेतली, ती उघडली नाही. “जाऊ दे,” एवढंच म्हणाले आणि चहाला निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. वैजयंतीने अठ्ठावीस वर्षांत माफी मागितली नाही. आधी धीर झाला नाही, मग फार उशीर झाला असं वाटलं, आणि मग सरच गेले. कूलरची घरघर हळूहळू लांब जाते. दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राची घरघर जवळ येते.

“चप्पल बाहेर.”

वैजयंती खाली बघते. ती संगणक केंद्राच्या काचेच्या दाराशी उभी आहे. धूळ आत जाऊ नये म्हणून इथे सगळ्यांनीच चपला बाहेर काढायच्या, डायरेक्टरांनीसुद्धा. दाराशी चपलांची रांग लागली आहे आणि त्या रांगेत तिचे शाळेतले काळे बूटही आहेत. आत एसीची थंडी. ठवरे सर मोहरीच्या रंगाचा स्वेटर घालून, अनवाणी, यंत्रासमोर बसले आहेत.

“सर, तुम्ही तर…”

“हो, गेलो ना मी. तू आली होती घाटावर, पाह्यलं मी. ये, बस.”

आपल्याला आश्चर्य वाटायला हवं हे तिला कळतं, पण ते वाटत नाही. राग येतो. सहा महिने हा माणूस फिरकला नाही, आणि आता शेवटच्या दिवशी बस म्हणतो.

“फॉर्म भरला?” सर विचारतात.

“एक खूण राहिली.”

“मंग करून टाक ना. कायले ठेवून राहिली?”

खोली लांबत गेली आहे. कपाटाएवढी यंत्रं दोन्ही बाजूंना उभी आहेत, त्यांच्यावरचे दिवे लुकलुकताहेत, आणि टाइपरायटरसारखं एक यंत्र कुणीही हात न लावता खडखडत कागद ओकतं आहे. खिडकीबाहेर बर्फ पडतो आहे. तिला थंडी वाजत नाही.

“कुठे आलो आपण?”

“अमेरिकेत. साल एकाहत्तर,” सर म्हणतात, जणू शेजारच्या खोलीत आले असावेत. “इथं हरेक यंत्राची बोली निराळी. एकाचं दुसऱ्याले समजत नाही. ती रिकामी खुर्ची दिसते? तिच्यावरचा माणूस आपल्याकडचा, कानपूरले शिकलेला. पहिला कागद त्यानं लिहिला, का फाइल मागायची असन तर आपण सगळे ह्याच शब्दांत मागू. बाकीच्यांनी त्याच्यात दुरुस्त्या केल्या. पंधरा वर्षं करतच होते.”

“हे तुम्ही आम्हाला शिकवलंय, सर.”

“तव्हा तुझं लक्ष नव्हतं. आता पाह्य.” ते खडखडणाऱ्या यंत्रावर बोट ठेवतात. “ओळ संपली का ह्याले दोन कामं. गाडी मागं नेणं, अन् कागद वर सरकवणं. गाडी मागंचा आकडा तेरा. कागद वरचा दहा. कोणतं यंत्र दोन्ही लिहे, कोणतं नुसता दहा. म्हणून ठरलं, का वाटेत ज्याचं त्याले सुधारून देऊ. अन् कोणी काही बोललंच नाही, तर मजकूर आहे असं समजू. पाठवाले दुसरं होतं काय त्या काळी? अक्षरंच होती ना. माझ्या बाबाचं गाणं कोणी ह्याच्यातून पाठवन, हे त्यांच्या सपनातबी नव्हतं.”

गाडी मागे जाते, कागद वर सरकतो. वैजयंतीला एकदम रडू येतं.

“सर, मी बायनरी टाइप करायला विसरले.”

इतकं सोपं होतं.

“माहीत आहे मले.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोलून काय होते? तू रडली असती, मी बी रडलो असतो. ऑफिसात साहेब रडला म्हणजे चहावाला गावभर सांगते.”

ती रडता रडता हसते, आणि डोळे पुसून बघते तर समोर तलाव आहे. बांधावरून चालताहेत ती दोघं. पलीकडे धान कापून झालेली बांध्या-बांध्यांची जमीन, अलीकडे एक मोठं मातीचं घर. घराला दोन दारं आणि दारांवर चुन्याने आकडे, एकवीस आणि वीस.

“हे एफटीपीचं घर. एकवीसच्या दारात बोलणं, वीसच्या दारातून माल, म्हणजे फाइल,” सर सांगतात. त्यांच्या आवाजात गावाबद्दल बोलणाऱ्या माणसाची ऐट आहे. “सुरुवातीले ई-मेलची टपालबी इथूनच जात होती.”

एकवीस नंबरच्या दारात एक माणूस बसला आहे. तो आकड्यांतच बोलतो. “तीनशे एकतीस,” तो म्हणतो, म्हणजे नाव कळलं, आता पासवर्ड सांग. रांगेतली माणसं आपापला पासवर्ड मोठ्याने सांगताहेत.

“सगळ्यांदेखत?” वैजयंती विचारते.

“सगळ्यांदेखत. लपवाची अक्कल मागाहून आली. अन् ओळख नसन त्यालेबी आत घेत. नाव काय, तर अनामिक. पासवर्डच्या जागी त्यानं आपला पत्ता सांगाचा, पाहुण्यासारखा. खोटा सांगितला तरी कोणी तपासत नव्हतं. बहुतेक लोक खराच सांगत.”

बोलता बोलता घराभोवती भिंत उठते. मग शेजारच्या घराभोवती, मग बांधावर, मग सगळीकडेच. वैजयंती आणि सर यांच्यामध्येही एक कमरेएवढी भिंत आली आहे. वर काचा लावलेल्या आहेत.

“पहिले मागणाऱ्यानं नुसता निरोप द्याचा,” भिंतीपलीकडून सर म्हणतात, “अन् माल घेऊन सर्व्हर त्याच्या दारावर जाये. नव्वदच्या पुढं लोकायनं भिंती बांधल्या. बाहेरचा कोणी आत येऊच शकेना. मंग सर्व्हरनं म्हटलं, बरं बाबा, मी माझं दार उघडून बसतो, तू ये.”

“पॅसिव्ह मोड.”

“तेच. म्हणून आज तुले यावं लागलं, वैजयंती. मले येता आलं असतं तर मी कार्तिकातच आलो असतो.”

तिचा राग कुठच्या कुठे जातो. तिला त्यांचा हात धरावासा वाटतो, पण इतक्या वर्षांत तिने साहेबांचा हात कधी धरलेला नाही आणि स्वप्नातही तो धरवत नाही.

दोघं अंगणात बसली आहेत. भिंत कुठे गेली ते कळत नाही. सरांच्या मांडीवर सूप आहे, सुपात तांदूळ, आणि तांदळात काळे खडे.

“हे माझे बाबा,” सर सुपाकडे बोट करून म्हणतात. “एक सांग. फाइल कुठून कुठं गेली होती?”

“युनिक्सवरून पीसीवर.”

“युनिक्स ओळीच्या शेवटी काय लिहिते?”

“नुसता दहा.”

“अन् पीसीले काय पाहिजे?”

“तेरा आणि दहा.”

“मंग वाटेत काय झालं?”

वैजयंती सुपातला एक खडा उचलते. “प्रत्येक दहाच्या आधी एक तेरा घुसला.”

“अन् निघालं काय? फाइलीतून बाहेर काय निघालं?”

“काहीच नाही, सर.”

“पीसीवरून युनिक्सवर गेली असती तर तेरा गळले असते, अन् कुठून गळले हे मंग ब्रह्मदेवालेबी सांगता आलं नसतं. तुझी फाइल तिकडून इकडं आली. सगळं जागच्या जागी आहे. वरून कचरा पडला तेवढा.”

हे तिला माहीत होतं. नव्या पोरांना ती हे फळ्यावर लिहून शिकवते. तरी अठ्ठावीस वर्षांत तिने ती फाइल एकदाही उघडून आत काय आहे ते पाहिलं नव्हतं, कारण नुसतं नाव दिसलं तरी तिला लाजेने मान खाली घालावीशी वाटायची.

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

सर एक खडा उचलतात, बोटांत फिरवतात. जिवंतपणी ते असे कधी दिसले नव्हते, लहान मुलासारखे.

“पीसी गेला, मंग चार सर्व्हर बदलले. चारही वेळा मी ती फाइल आपल्या हातानं नव्या यंत्रावर नेली, बायनरीत. शेवटच्या वेळी तर रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, तरी आलो होतो. तूच चहा पाजला. दर वेळी म्हणत होतो, आज करून पाहू. मंग वाटे, अन् नाही जमलं तर? उघडत नाही तोवर बाबा त्याच्यात आहेत. उघडाले गेलो अन् आत काहीच निघालं नाही, म्हणजे दुसऱ्यांदा गेले असते ते. माझी हिंमत नाही झाली.”

“आणि मला वाटायचं, तुम्ही माझ्यावरच्या रागाने ती जपून ठेवलीय.”

“येडी आहे तू.”

“मी करून बघू, सर?”

“मले कायले विचारते? खूण तुले कराची आहे.”

वैजयंती सूप आपल्या मांडीवर ओढून घेते आणि खडे वेचू लागते. बोटं भराभर चालतात. खूप खडे आहेत, पण दर खड्याची जागा ठरलेली आहे, एकदा लक्षात आल्यावर चुकत नाही. तांदूळ पांढरा होत जातो. ती मान वर करते तेव्हा सर बांधावरून चालत निघालेले असतात, अनवाणीच.

“सर, थांबा ना थोडं.”

“दोनशे एकवीस,” ते मागे न बघता म्हणतात. एफटीपी निरोप घेताना हाच आकडा दाखवते.

कूलरमधलं पाणी संपून पंप कोरडा ओरडतो आहे. वैजयंती उठून बसते. चार वाजायला आले आहेत, उशी घामाने ओली आहे. ती कूलरचं बटण बंद करते, तोंडावर पाणी मारते, आणि पदराला हात पुसत लॅपटॉप पुढ्यात ओढते.

सर्व्हर अजून चालू आहे. ती पहिला शब्द टाइप करते तो ‘बायनरी’. फाइल उतरते, चार एमबी, जुन्या काळी याला पाव तास लागायचा. मग ती चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिते, प्रत्येक दहाच्या आधीचा एक तेरा काढणारा. दोनदा चुकतं. तिसऱ्यांदा चालतो. पंधरा हजार सहाशे चव्वेचाळीस तेरा निघतात. फाइल उघडण्यासाठी एंटरवर बोट ठेवल्यावर सरांना दर वेळी काय वाटलं असेल ते तिला आता अगदी नीट कळतं. मग ती बोट दाबते.

फाइल उघडते. आठ मिनिटं अकरा सेकंद.

आधी नुसती फितीची सळसळ. लांब कुठे तरी कोंबडा. भांडं ठेवल्याचा आवाज. आणि मग एक माणूस अगदी माइकजवळ बोलतो. आवाज कोवळा आहे, घाईत आहे. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं, की रेकॉर्ड करणारा माणूसही तिथेच बसलेला असणार.

“बाबा, लाल दिवा लागला. बोला आता.”

“काय बोलू?” म्हातारा खाकरत विचारतो.

“काहीबी बोला,” ठवरे सर म्हणतात. “मी आयकून राह्यलो ना.”